भुलेश्वरची टेकडी चढताना: कुठे थांबायचं, काय बघायचं

पुणे-सोलापूर महामार्गावर यवतजवळून भुलेश्वरचा फाटा लागतो. टेकडीवर यादवकालीन शिवमंदिर आहे. गाव माळशिरस, पण पुरंदर तालुक्यातलं. सोलापूर जिल्ह्यातलं नव्हे. बहुतेक जण गाडीने थेट वर जातात, दर्शन घेतात आणि परततात. गाडी खाली लावून चालत गेलात, तर ‘उजाड’ म्हणून ज्याच्याकडे कुणी बघत नाही, त्या माळावर बरंच काही दिसतं.

कधी जावं?
नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदयापासून पहिले दोन तास. श्रावणात गर्दी असते, तेव्हा प्राणी दिसणं अवघड.

पायथ्याला
आधी तारांवर आणि बाभळींवर नजर टाका. खाटीक, वेडा राघू, निळकंठ इथेच बसलेले असतात. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेला पांढरट पक्षी दिसला तर ती कापशी. खाली उंदीर शोधत असते. मोकळ्या मुरमाड जमिनीवर टिटवी, चंडोल आणि धाविक बघा. रंग मातीसारखाच असल्याने ते हलल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून दहा मिनिटं एका जागी थांबा.

चढावर
इथे खुणा वाचायच्या. गोल, सुक्या लेंड्या सशाच्या. पांढरी पडलेली विष्ठा बहुधा तरसाची. हाडं खाल्ल्याने तिला तो रंग येतो. खोकड आणि कोल्हा यांत गल्लत होते. खोकड अंगाने लहान, शेपटी झुपकेदार आणि टोक काळं. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, दगडावर बसून गळ्याखालचा रंगीत पंखा उघडणारा सरडा दख्खनच्या माळावर दिसतो. या सरड्यांच्या गटाला शास्त्रज्ञांनी २०१६ साली ‘सरडा’ हेच मराठी नाव दिलं.

दगड मात्र उलटू नका. खाली फुरसं असू शकतं. अंगावरचे खवले घासून ते करकर आवाज करतं. तो ऐकू आला की मागे सरा.

माथ्यावरून
दुर्बीण असेल तर खालचा माळ सावकाश न्याहाळा. चिंकारा उभा असेल तर आधी शेपटीची हालचाल दिसते. नराची शिंगं वळ्यांची, मादीची बारीक. मेंढ्यांचा कळप दिसला तर आजूबाजूलाही बघा; लांडगा अंतर ठेवून मागावर असू शकतो. धनगर भेटले तर त्यांना विचारा. लांडगा कुठून येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. हमखास चिंकारा बघायचा असेल तर बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य गाठा.

हिवाळ्यात गवतावरून खालून तरंगत जाणारे लांब पंखांचे शिकारी पक्षी म्हणजे भोवत्या. मध्य आशियातून येतात, नाकतोडे-टोळ खातात आणि रात्री झाडावर नाही, तर गवतातच जमिनीवर झोपतात.

गवत जळलं तर?
खरा प्रश्न इथेच आहे. नवं गवत चांगलं येईल म्हणून किंवा विडी-काडीच्या हलगर्जीपणाने माळाला आग लागते. त्यात भोवत्यांची झोपायची जागा जाते. पुढे उन्हाळ्यात टिटवी, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, तीही जातात. फोटोसाठी माळावर गाडी घालणाऱ्यांच्या चाकाखालीही हीच घरटी येतात. शिवाय मेंढरांचा चाराही तोच. चारा संपला की मेंढरं लांब न्यावी लागतात.

म्हणून एवढं पाळा:
- मळलेली वाट सोडू नका, गाडी माळावर घालू नका.
- प्राण्याचा पाठलाग करू नका, कुत्रं सोबत नेऊ नका.
- घरट्याचा फोटो काढायला जवळ जाऊ नका.
- वणवा, शिकार किंवा जखमी प्राणी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.
- साप चावल्यास वेळ न घालवता १०८ ला फोन करा.