रंगाऱ्याचा मुलगा कार्ल नीलसेन

डेन्मार्क हा देश आपल्या विदर्भाच्या निम्म्याहूनही लहान. १८६४ साली प्रशियाशी झालेल्या लढाईत तो हरला आणि त्याचा बराचसा मुलूख गेला. पुढच्याच वर्षी, ९ जून १८६५ रोजी, फ्यून नावाच्या बेटावर एका रंगाऱ्याच्या घरी कार्ल नीलसेन जन्मला. बारा भावंडांत सातवा. जवळचे मोठे गाव ओडेन्से. परीकथा लिहिणारा हान्स अँडरसन तुमच्या वाचनात असेलच, तोही याच गावचा.

बाप दिवसा घरे रंगवी आणि लग्नसराईत व्हायोलिन वाजवी. घरात खायची तोंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची. कार्लने आपल्या बालपणावर १९२७ साली एक सुरेख पुस्तक लिहिले. घरामागे सरपणासाठी रचलेले ओंडके ठोकून पाहताना त्याला एक गोष्ट उमगली, की लांब ओंडका एका सुरात बोलतो आणि आखूड दुसऱ्या. सहाव्या वर्षी गोवर आला. पोर अंथरुणात कुढत पडलेले पाहून आईने खुंटीवरची लहान व्हायोलिन काढून त्याच्या हाती दिली. पुढे बापाने शिकवले, शाळेच्या गुरुजींनीही शिकवले.

आठ-नऊ वर्षांचा असताना त्याने नाचासाठी एक चाल रचली आणि तिच्यात ठेक्याला मुद्दाम हुलकावणी दिली. बापाला ते रुचले नाही, कारण यावर कोणाला नाचता येणार नव्हते. आता पाहा, रात्र-रात्र लग्नात वाजवणाऱ्या माणसाची ही टीका आहे. वाजवायचे ते ज्यांच्यासाठी, त्यांचे पाय आधी उचलले पाहिजेत. कोपनहेगनच्या संगीतशाळेत पुढे तो पुष्कळ शिकला, पण मला वाटते, हा पहिला पाठ त्याला तिथे मिळाला नसता.

मुलगा वादनावर पोट भरील असा आईबापांना भरवसा नव्हता. चौदाव्या वर्षी त्याला एका दुकानदाराकडे उमेदवारीला ठेवले. काही महिन्यांतच दुकानाचे दिवाळे वाजले आणि पोरगा घरी परतला! मग घाईघाईने पितळी वाद्ये शिकून तो ओडेन्सेच्या पलटणीत बिगुल वाजवायला लागला. पगार दर पाच दिवसांनी तीन क्रोनर पंचेचाळीस ओरे, आणि वर एक पाव. सुटीत घरी आला की बापाच्या जोडीने लग्नांत वाजवणे चालूच असे.

१८८४ ते १८८६ कोपनहेगनला शिक्षण झाले. १८८९ पासून तो तिथल्या राजनाट्यगृहाच्या वाद्यवृंदात दुसऱ्या रांगेतला व्हायोलिनवादक म्हणून सोळा वर्षे बसला. १८९४ साली त्याची पहिली सिंफनी झाली, तेव्हाही तो त्याच रांगेत वाजवत होता. टाळ्या पडल्या तसा खुर्चीवरून उठून पुढे आला.

सिंफनी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे गवई रागाची बढत बैठकीत श्रोत्यांसमोर करतो. तिकडचा रचनाकार ती बढत घरी बसून, एकेका वाद्याची ओळ कागदावर लिहून करतो, आणि साठ-सत्तर वादक ते लिहिले तसे वाजवतात. नीलसेनने अशा सहा सिंफनी लिहिल्या. चौथी १९१६ सालची, पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीतली. तिच्या शेवटी नगाऱ्यांच्या दोन जोड्या समोरासमोर भिडतात. पाचवीत तर त्याने एक नवलच केले. पलटणीतला तडतडणारा ढोल, आपल्या ताशाच्या जवळचा, मध्येच घुसतो. तिथे ढोलवाल्याला त्याने लिहून दिले आहे की मनाला येईल तसे वाजव आणि साऱ्या वाद्यवृंदाची वाट अडव. सूर वाढत जातात, ढोल अडवतो, आणि अखेर सूर त्याच्यावर मात करतात. १९२४ साली स्टॉकहोमला ही सिंफनी झाली, तेव्हा काही श्रोते चक्क उठून गेले म्हणे.

ही पाचवी सिंफनी पहिल्यांदा वाजली जानेवारी १९२२ मध्ये. त्याच वर्षी जुलैत ओडेन्सेला गुरांच्या बाजारासाठी बांधलेल्या प्रचंड नव्या इमारतीत त्याचे ‘फ्यूनवरचा वसंत’ हे समूहगान झाले. गाणारे शेकड्यांनी होते. आणि त्याच वर्षी लोकशाळांसाठी चालींचे एक पुस्तक निघाले. ते नीलसेन आणि त्याच्या तीन सोबत्यांनी मिळून सिद्ध केले होते. त्यांतला टोरवाल ओगोर हा स्वतः अशाच एका शाळेत शिकवी.

शिक्षक मंडळींनी इथे जरा थांबावे. या लोकशाळा ग्रुंटविग नावाच्या धर्मोपदेशकाच्या विचारांतून उभ्या राहिल्या. पहिली १८४४ ची. शेतकऱ्यांची तरुण मुले हिवाळ्यात, शेतीची कामे थांबली की तिथे येऊन राहत. परीक्षा नाही, पदवी नाही. व्याख्याने, इतिहास, आणि रोज सर्वांनी मिळून गाणे. पण गाण्यांच्या चाली मात्र बऱ्याचशा शहरी दिवाणखान्यातल्या, शिकलेल्या गळ्याला शोभणाऱ्या. नांगर धरणाऱ्या मुलाला त्या झेपायच्या नाहीत.

नीलसेन आणि त्याचा वडीलधारा मित्र टोमास लाउब यांनी १९१५ पासून हेच काम अंगावर घेतले होते. कवितेचे शब्द पुढे, चाल मागे. सर्व कडव्यांना एकच चाल, आणि न शिकलेल्या माणसालाही ती दोनदा ऐकून उचलता यावी. सोपे काम वाटते ना? चाळीस मुलांकडून एकसाथ गाणे म्हणवून घेणाऱ्या गुरुजींना विचारा! चाल साधी केली की ती पोकळ होण्याची भीती असते. नीलसेनची चाल साधी असून पोकळ नसते, हे त्याचे खरे बळ.

त्याचे १९०७ सालचे एक गाणे घ्या. कविता येप्पे ओकेअरची. येन्स नावाचा म्हातारा रस्त्याच्या कडेला जन्मभर खडी फोडतो. मरतो, तेव्हा त्याच्या थडग्यावर दगड काही बसत नाही, एक किडकी फळी उभी राहते. हे गाणे डेन्मार्कभर लोकांच्या तोंडी बसले.

आता याची दुसरी बाजू. १९२५ साली नीलसेनची साठी झाली, देशाने मोठा सन्मान केला. त्याच वर्षी एका वर्तमानपत्राशी बोलताना तो म्हणाला, की पुन्हा जन्म मिळाला तर कलेचे खूळ डोक्यातून काढून मी एखाद्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी करीन. ज्याचे पहिले दुकान चौदाव्या वर्षीच बुडाले, त्याने हे म्हणावे! उगाच विनोदाने तो बोलला नव्हता. पैशाची ओढाताण होती आणि हृदयविकारही जडला होता. ३ ऑक्टोबर १९३१ रोजी कोपनहेगनला तो वारला. विसाव्या शतकाच्या अखेरीस डेन्मार्कने शंभर क्रोनरच्या नोटेवर त्याचे चित्र छापले.

त्याचे संगीत कधी ऐकायला मिळाले, तर आधी खडी फोडणाऱ्या येन्सचे गाणे ऐका. मग पाचवी सिंफनी लावा. तो ढोल कुठे आडवा येतो, हे सांगायला तुम्हांला कोणी जाणकार लागणार नाही.