मधोमध उभा असलेला माणूस

छायाचित्रणातला सगळ्यात प्रसिद्ध नियम छायाचित्रणापेक्षा जुना आहे. १७९७ साली, म्हणजे दागेरचा कॅमेरा जगापुढे यायला अजून बेचाळीस वर्षं होती तेव्हा, जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने खेड्यातल्या दृश्यांवर एक पुस्तक काढलं. निसर्गचित्रात आकाश आणि जमीन निम्मी-निम्मी नसावीत, एकाला दोन तृतीयांश जागा द्यावी आणि दुसऱ्याला एक, असं त्याचं म्हणणं. 'रूल ऑफ थर्ड्स' हे नावही त्याचंच. आज फोनच्या कॅमेऱ्यात ग्रिड सुरू केली की दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा उमटतात, त्या या नियमाच्या. रेषा जिथे छेदतात तिथे विषय ठेवा, मधोमध नको, हे फोटोग्राफीच्या कुठल्याही वर्गात पहिल्याच दिवशी सांगतात. पाठोपाठ दुसरं वाक्य येतंच: नियम आधी शिका, मग मोडा.

मला शंका आहे ती या दुसऱ्या वाक्याबद्दल. त्यात धरून चाललंय की नियमांची वही एकच आहे. ती ज्याला येत नाही तो अडाणी, येऊनही जो मोडतो तो कलावंत. सॉफ्टवेअरच्या कामात एक गोष्ट लवकर कळते. डीफॉल्ट सेटिंग कुणी ठरवलं हे कुणालाच माहीत नसतं, आणि बहुतेक लोक ते आयुष्यभर बदलत नाहीत. स्मिथच्या पुस्तकात बहुतेक चित्रं झोपड्यांची आहेत. गवताची छपरं, पडकी कुंपणं, वर आकाश. झोपडी चित्रकाराकडे वळून बघत नाही. हा नियम मुळात अशा विषयासाठी होता, जो आपल्याकडे बघत नाही. तो माणसाला लावला की काय होतं, हा प्रश्न स्मिथपुढे नव्हता. आपल्यापुढे आहे.

योगायोग असा, की त्याच दशकात पाश्चात्त्य चित्रनियमांचा एक वर्ग पुण्यात भरत होता, तोही शनिवारवाड्यात. कंपनीचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या खटपटीने सवाई माधवरावांच्या काळात तिथे चित्रशाळा निघाली आणि जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार स्थानिक कारागिरांना रेखाटन शिकवू लागला. त्यातला गंगाराम तांबट आपल्याला नावाने माहीत आहे. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा त्याने मॅलेटसाठी काढला. वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली. त्याचं बरंचसं काम आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. १७९५ मध्ये वेल्स वारला, त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले, आणि शाळा संपली. दूरचं लहान, जवळचं मोठं, सगळ्या रेषा एका बिंदूकडे धावणाऱ्या, हे यथार्थदर्शनाचं गणित पुण्याला कॅमेऱ्याच्या आधी भेटलं होतं ते असं. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलने ते रीतसर शिकवलं. म्हणजे 'आपल्या लोकांना नियम माहीत नव्हते' हे काही खरं नाही.

तरीही आपल्या घरातले जुने फोटो पाहा. आजोबा खुर्चीत, आजी बाजूला उभ्या, दोघंही मधोमध, दोघंही थेट भिंगात बघतायत. याला एक तांत्रिक कारण आहे आणि ते टाळून चालणार नाही. पेट्झव्हालने १८४० मध्ये व्यक्तिचित्रांसाठी बनवलेलं भिंग मध्यभागी लख्ख आणि कडांना मऊ होतं. त्या जातीच्या भिंगासमोर माणूस कोपऱ्यात बसवणं म्हणजे त्याचा चेहरा पुसणं. शिवाय प्रकाशनाला वेळ लागे, तोवर हलायचं नाही. पण भिंगं सुधारली, प्लेट जाऊन फिल्म आली, तरी लोक मधेच बसत राहिले. याचं उत्तर भिंगात सापडत नाही. फोटो काढून घेणं म्हणजे समोर उभं राहणं, अशी त्यांची समजूत होती. पंढरपूरचा विठ्ठल कसा उभा आहे? सरळ, कमरेवर हात, डावं-उजवं सारखं. त्याला एक तृतीयांशाच्या रेषेवर सरकवून बघा! तो मधे आहे, कारण समोर कुणीतरी येऊन उभं राहणार आहे.

ही समजूत चित्रपटात कशी आली ते पाहायला पुण्याइतकी चांगली जागा नाही. लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ साली सुरू झालं, आणि पी. के. नायर यांनी ते उभं केलं. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे तुकडे आज आपल्याला दिसतात, ते त्यांच्या चिकाटीमुळे. फाळके जे. जे. मध्ये शिकलेले, बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवलेले, रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलेले. नियम त्यांना पाठ होते. १९१९ चा 'कालिया मर्दन' सुरू होतो तो त्यांच्या लहान मुलीच्या, मंदाकिनीच्या चेहऱ्याने. गोष्ट सुरू व्हायच्या आधी ती पोर प्रेक्षकांसमोर बसून एकेक भाव करून दाखवते आणि मग तीच कृष्णाच्या वेशात दिसते. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, हा कथापटाचा मोठा नियम इथे पहिल्याच मिनिटात बाजूला पडतो. फाळके बंड करत होते असं मला वाटत नाही. आधी मुलीची ओळख करून द्यायची, मग देवाची. कीर्तनकारही आधी समोर बसलेल्यांशी बोलतो, मग आख्यानाला लागतो.

संग्रहालयाच्या जवळच प्रभातचा स्टुडिओ. १९२९ मध्ये कोल्हापुरात निघालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली, आणि एकाच आवारात दोन विरुद्ध चौकटी तयार झाल्या. शांताराम 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीला जाऊन आले होते. तिथली छाया-प्रकाशाची, तिरक्या कोनांची भाषा १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये उतरली. राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा एक डोळा पडदाभर होतो. चेहरा नाही, नुसता डोळा. केशवराव धायबरांनी लांब पल्ल्याच्या भिंगाने टिपलेलं ते दृश्य आजही अंगावर येतं. दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, त्याच स्टुडिओत दामले आणि फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' केला. दोघंही कोल्हापूरच्या पेंटर बंधूंच्या तालमीतले, पडदे रंगवण्यापासून सगळं केलेले. खोली कशी भासवायची हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तरी विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम पुन्हापुन्हा समोरून, शांत, मध्यात दिसतो. जिजाई मात्र एका जागी ठरत नाही: म्हैस, पोरं, चूल. गौरीबाईंच्या त्या धावपळीमुळे तुकारामाचं स्थिर असणं जास्तच जाणवतं. समीक्षक गीता कपूर यांनी या समोरासमोरच्या रचनेवर सविस्तर लिहिलंय. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली हा चित्रपट गौरवला गेला, तेव्हा तिथल्या परीक्षकांना ही रचना कच्ची वाटली नसावी.

जुदिथ मारा गुटमन यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात भारतीयांची छायाचित्रणाची नजरच वेगळी असल्याचं मांडलं होतं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण प्रभातच आहे. एक कंपनी, एक आवार, तेच दिवे. त्यातून 'अमृतमंथन'ही निघतो आणि 'संत तुकाराम'ही. नजर रक्तात असती तर असं झालं नसतं. राजगुरूची भीती वाटायला हवी होती, म्हणून त्याचा चेहरा कापला. तुकारामाला भेटायचं होतं, म्हणून तो अख्खा समोर बसवला.

प्रभात बंद पडली. १९६० साली त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आली, आणि नियम मोडणं हा तिथला अभ्यासक्रमच झाला म्हणायला हरकत नाही. ऋत्विक घटक तिथे शिकवत होते तेव्हाचे विद्यार्थी मणी कौल आणि त्यांचे छायालेखक के. के. महाजन यांचा 'उसकी रोटी' पाहणं सोपं नाही. बसथांब्यावर नवऱ्याची भाकरी घेऊन थांबलेली बायको, एवढीच गोष्ट. कौल यांनी त्यात ठरवून दोन भिंगं वापरली, २८ आणि १३५ मिलिमीटर: एक तिच्या प्रत्यक्ष जगण्यासाठी, एक मनातल्या जगण्यासाठी, आणि पुढे ती वाटणीही उलटवली. म्हणजे त्यांनी नियम मोडला नाही, नवा केला आणि मग तोही सोडला. पुढे ते ध्रुपद शिकले. सगळं काही एका बिंदूकडे नेणाऱ्या यथार्थदर्शनावर त्यांचा राग होता. शनिवारवाड्यात वेल्स जे शिकवत होता, त्यावरच. 'नौकर की कमीज'च्या वेळी तर त्यांनी छायालेखकाला व्ह्यूफाइंडरमधून बघूच नकोस असं सांगितलं होतं. चौकटीत न बघता चित्र घ्यायचं. मी माझ्या कॅमेऱ्यावर हे करून पाहिलंय. शंभरातले नव्वद फोटो टाकाऊ निघतात. उरलेल्या दहांत मात्र असं काही येतं जे मी ठरवून कधीच घेतलं नसतं: कुणाची तरी अर्धी पिशवी, मागून जाणारी पीएमटी, हसू अर्ध्यावर असलेला चेहरा.

पण मणी कौल यांची चौकट आणि 'संत तुकाराम'ची चौकट यांना एकाच शिडीवर, एकाला वरची आणि एकाला खालची पायरी देऊन, बसवता येत नाही. 'आधी शिका, मग मोडा' ही शिडी नेमकं तेच करते.

ही शिडी पुण्यात सगळ्यात स्पष्ट दिसते ती पालख्या येतात तेव्हा. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात मुक्कामाला असतात ते दोन दिवस रस्त्यांवर कॅमेऱ्यांचीही वारी असते. मीही त्यात असतो. फोटोग्राफर म्हणतात, "माउली, इकडे बघू नका, चालत राहा." त्यांना रेषेवरचा वारकरी हवा असतो, उरलेल्या दोन तृतीयांशांत पताका, धूसर गर्दी, पावसाचं आभाळ. या फोटोंना बक्षिसं मिळतात आणि त्यातले काही खरोखर सुंदर असतात. पण स्मिथची झोपडी आठवते. कॅमेरा दिसल्यावर वारकरी स्वतः काय करतो? थांबतो. टोपी सारखी करतो. शेजारच्याला ओढून बाजूला घेतो. हात जोडतो किंवा सरळ सोडतो आणि थेट बघतो. त्याने आपली रचना केलेली असते, आणि ती विचार करून केलेली असते. तिला मोडायला निघालेल्या आपल्याला आपण नियम मोडणारे समजतो, पण आपण तेव्हा एका इंग्रज पुस्तकाचा नियम मुकाट पाळत असतो.

गेली तीन वर्षं मी दोन्ही घेतो. आधी तो उभा राहील तसा, मधोमध. मग तो पुन्हा चालायला लागला की माझा. मधोमधचे फोटो मी छापून घेतो आणि दिंडी क्रमांक, गावाचं नाव लिहून ठेवतो, पुढच्या वर्षी देता यावेत म्हणून. मागच्या आषाढात अकरा दिले. ज्या आजींना पहिला दिला, त्यांनी तो हातभर लांब धरून नीट पाहिला, पदराने पुसला आणि विचारलं, पाय का नाही आले? तेव्हापासून मी दोन पावलं मागे जातो.