खाटकाची सुरी, कमरेचं म्यान

अमेरिकेच्या पश्चिमेचा इतिहास म्हटला की डोळ्यांसमोर सिनेमातला भलामोठा 'बोवी' सुरा येतो. मिसिसिपीच्या वाळूत १८२७ साली झालेल्या एका मारामारीमुळे जिम बोवी गाजला आणि त्याचं नाव सुऱ्याला चिकटलं. पण त्याच काळात रॉकी पर्वतात बीव्हर पकडत हिंडणाऱ्यांच्या कमरेला काय असायचं? चक्क खाटकाची सुरी! १८३४ पासून जवळजवळ दशकभर हा धंदा करणाऱ्या ऑस्बर्न रसेलने आपल्या रोजनिशीत शिकाऱ्याच्या पट्ट्याचं वर्णन केलंय. त्यात बीव्हरच्या आमिषाची डबी आहे, तंबाखूची पिशवी आहे आणि हीच सुरी आहे.

१८२५ ते १८४० या काळात बहुतेक दर उन्हाळ्यात डोंगरात व्यापाराची जत्रा भरे. तिला 'राँदेव्हू' म्हणत. शिकारी आणि मूळ रहिवासी कातडी आणत, व्यापारी बंदुका, कापड, मणी आणि सुऱ्या आणत. या सुऱ्या बहुतेक इंग्लंडमधल्या शेफील्डच्या, डझनाच्या भावाने विकल्या जाणाऱ्या. व्यापाऱ्यांच्या याद्यांत त्यांना 'स्कॅल्पिंग नाइफ' म्हटलेलं आढळतं. नाव ऐकून अंगावर काटा येतो, पण तो स्वस्त सुरीचा एक प्रकार होता, इतकंच. मांस कापणं, कातडी सोलणं, चामडं बेतणं ही तिची रोजची कामं, आणि मूळ रहिवाशांच्या वस्तीत ती कामं मुख्यतः बायकांच्या हातची. शूरवीरांच्या गोष्टींत या बायका कुठे दिसत नाहीत, हे मला खटकतं.

'ग्रीन रिव्हर' सुरीचीही अशीच गंमत. वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हरकाठी बऱ्याच जत्रा भरल्या, म्हणून ती सुरी तिथलीच असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात जॉन रसेलने १८३४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफील्डला धंदा सुरू केला आणि तिथल्या त्याच नावाच्या नदीवरून कारखान्याचं नाव पडलं. या सुऱ्यांचं पश्चिमेत नाव झालं तोवर जत्रांचा काळ सरत आला होता.

आजही हौशी मंडळी त्या काळचे कपडे घालून असे मेळावे भरवतात. मुलांना घेऊन जरूर जा. तिथल्या अनेकांच्या कमरेची सुरी मुळात गराज सेलमध्ये चार-पाच डॉलरला मिळालेली असते. अट एकच: पातं गंज धरणारं, साध्या कार्बन पोलादाचं हवं. स्टेनलेस चालत नाही, कारण ते शेफील्डलाच, पण १९१३ साली, हॅरी ब्रिअर्लीने बनवलं. 'ओल्ड हिकरी' छापाची सुरी यासाठी फार आवडती. आधी मुठीवरचं व्हार्निश आणि जळका छाप खरवडून काढायचा. मग जाडजूड मूठ कानशीने हाताला बसेल इतकी बारीक करायची आणि तेल चोळायचं. पात्याचा आकार बदलायचा तर सावकाश, मध्येमध्ये पाण्यात बुडवत. यंत्रावर घासताना ते तापून निळं पडलं की पाणी उतरलंच, मग धार टिकत नाही. व्हिनेगर लावलं की चकाकी जाऊन करडा रंग चढतो.

खरी कारागिरी म्यानात. चामडं ओलं करून सुरीभोवती दुमडायचं, पण शिवणीच्या आत चामड्याची एक पट्टी घालायला विसरायचं नाही, नाहीतर धार टाके कापून बाहेर येते. दोन सुया, मेण लावलेला तागाचा दोरा, आरीने पाडलेली भोकं. म्यान खोल ठेवायचं, म्हणजे निम्मी मूठही आत जाते. मग बटणबंद काही लागत नाही, सुरी घट्ट बसते आणि म्यान सरळ पट्ट्यात खोचता येतं. वर पितळी खिळे ठोकायचे तर बेताने. १८३७ ची जत्रा डोळ्यांनी पाहिलेल्या आल्फ्रेड जेकब मिलरची चित्रं आधी बघावीत. नेब्रास्कात चॅड्रन गावी फर व्यापाराचं संग्रहालय आहे, तिथे त्या काळच्या वस्तूच पाहायला मिळतात.

एक मात्र कळत नाही. काही जण पातं मुद्दाम गंजवून, खड्डे पाडून 'जुनं' करतात. अहो, १८३० साली ती सुरी नवीकोरी होती! दोनशे वर्षांचा गंज त्या शिकाऱ्याच्या कमरेला कुठून येणार? आणि फ्ली मार्केटात एखाद्या सुरीवर शेफील्डचा किंवा रसेलचा पुसटसा छाप दिसला, तर तिला कानस लावू नका. तशीच राहू द्या.