पवनारचे वाकाटककालीन मंदिर : वास्तू लोपली, शिल्पे उरली

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना सुमारे आठ किलोमीटरवर धाम नदीच्या काठी पवनार हे गाव लागते. आचार्य विनोबा भावे यांच्या परमधाम आश्रमामुळे ते देशभर परिचित आहे. याच आश्रमाच्या जमिनीतून सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या मंदिराची शिल्पे बाहेर आली. मूळ मंदिर आज उभे नाही. तरीही विदर्भातील आरंभीच्या मंदिरस्थापत्याचा विचार पवनारला वगळून करता येत नाही.

वाकाटकांचा काळ

विदर्भावर वाकाटकांच्या दोन शाखांचे राज्य होते. एका शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, तर दुसरीची रामटेकजवळील नंदिवर्धन. नंदिवर्धन शाखेतील दुसरा रुद्रसेन याचा विवाह गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता हिच्याशी झाला. त्यांचा पुत्र दुसरा प्रवरसेन याने इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रवरपूर ही नवी राजधानी वसवली. त्याच्या अठराव्या राज्यवर्षातील चम्मक (जि. अमरावती) येथील ताम्रपट प्रवरपुराहूनच दिलेला आहे. प्रवरपूर म्हणजेच पवनार, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले आणि ते दीर्घकाळ सर्वमान्य राहिले.

शेतात सापडलेली शिल्पे

विनोबा १९३८ मध्ये प्रकृतिस्वास्थ्यासाठी पवनारला आले. आश्रमाच्या आवारात जमीन खोदताना शिल्पपट व मूर्तींचे अवशेष मिळू लागले. त्यांतील एका शिल्पात विनोबांना भरत-राम भेटीचा प्रसंग दिसला. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये दिलेल्या गीता प्रवचनांपैकी बाराव्या अध्यायावरील प्रवचनात त्यांनी भरताच्या भक्तीचे विवेचन केले होते. त्यामुळे हे शिल्प त्यांना ईश्वरी प्रसादासारखे वाटले. आश्रमात त्याची प्रतिष्ठापना झाली आणि भरत-राम मंदिर आकाराला आले. इतर शिल्पेही आश्रमात जपण्यात आली. पुढे १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव व डॉ. म. के. ढवळीकर यांनी पवनारला उत्खनन केले.

मंदिराचे स्वरूप

पवनारच्या शिल्पपटांत एकेका चौकटीत एकेक प्रसंग कोरलेला आहे. आकृती मोजक्या, शरीरे भरीव आणि अलंकरण बेताचे आहे. असे पट मंदिराच्या भिंतीत किंवा जोत्यावर ओळीने बसवून कथा सांगण्याची पद्धत गुप्त-वाकाटक काळात रूढ होती. येथे गंगेची मूर्तीही मिळाली आहे. त्या काळातील मंदिरांच्या द्वारशाखांवर गंगा-यमुनेच्या मूर्ती कोरल्या जात.

याच राजवटीतील मंदिर कसे दिसत असे, याची कल्पना रामटेकच्या केवल-नरसिंह मंदिरावरून येते. चौरस गाभारा, पुढे स्तंभांचा मंडप आणि वर सपाट छत अशी त्याची साधी रचना आहे. उंच शिखर नाही. विदर्भात ठिकठिकाणी आढळणारी हेमाडपंती मंदिरे यादवकाळातील, म्हणजे यानंतर कित्येक शतकांनी झालेली आहेत.

रामकथा की कृष्णकथा?

मिराशींनी या शिल्पांत भरतभेट, वाली-सुग्रीव युद्ध असे रामायणातील प्रसंग ओळखले. प्रभावतीगुप्ता विष्णुभक्त होती. तिचा रिद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामीच्या पादमूलापासून दिलेला आहे. रामकथेवरील ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य प्रवरसेनाच्या नावावर आहे. या आधारे पवनारला रामचंद्राचे मंदिर होते, असे मिराशींचे प्रतिपादन होते. नंतरच्या काही कला-इतिहासकारांनी यांतील अनेक पट कृष्णचरित्रातील असल्याचे मत मांडले. शिल्पे मूळ जागेवरून निखळल्याने त्यांचा क्रम हरवला आहे आणि वादाचे मूळ तेथेच आहे.

दुसरा वाद राजधानीचा आहे. रामटेकजवळील मनसर येथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या उत्खननात विटांच्या भव्य मंदिराचे अवशेष मिळाले. तेथे ‘प्रवरेश्वर’ हे नाव असलेल्या मुद्रांचे ठसेही सापडले. त्यामुळे प्रवरपूर मनसरलाच होते, असे काही संशोधक मानतात.

राजधानी कोठेही असो, पवनारच्या शिल्पांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. ‘ऐन-इ-अकबरी’त पवनार हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदले आहे. वस्तीवर वस्ती होत गेलेल्या अशा गावात जुन्या वास्तूचा दगड नव्या भिंतीत जाणे नवलाचे नसते. म्हणूनच पांढरीच्या मातीत किंवा घराच्या पायात सापडणारा कोरीव दगड हलवण्यापूर्वी त्याची जागा व दिशा नोंदली जाणे आवश्यक आहे. लोपलेल्या मंदिराचा आराखडा अशा नोंदींवरूनच जुळवता येईल.