गुंड गोलकीपर आणि 'ती टीमच तसली'

फुटबॉलवरच्या कुठल्याही भांडणात दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, 'तुमचा तो प्लेअर म्हणजे एक नंबरचा गुंड.' आणि दुसरं, 'त्याचं काय घेऊन बसलात, ती अख्खी टीमच तसली!' ही दोन वाक्यं एकमेकांना कशी चिकटतात ते बघायचं असेल, तर १९८२ च्या स्पेनमधल्या वर्ल्ड कपकडे जायला हवं.

१६ जूनला अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असं हरवलं. पहिल्यांदाच वर्ल्ड कप खेळणाऱ्या देशाने हा पराक्रम केला होता! पण गटातल्या शेवटच्या दोन मॅचेस एकाच दिवशी नव्हत्या. अल्जीरियाची मॅच २४ जूनला संपली, आणि २५ ला खिहोन शहरात जर्मनी आणि ऑस्ट्रिया समोरासमोर आले. हिशोब दोघांनाही पाठ होता: जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली की दोघंही पुढे आणि अल्जीरिया घरी. दहाव्या मिनिटाला ह्रूबेशने गोल केला. मग उरलेला वेळ मंडळी नुसती बॉल इकडून तिकडे ढकलत बसली. अल्जीरियाच्या पाठीराख्यांनी नोटा फडकावून दाखवल्या. निषेध नोंदवला, पण नियम मोडलाच नव्हता, त्यामुळे फिफाने तो फेटाळला.

पुढे ८ जुलैला सेव्हियामध्ये फ्रान्सविरुद्ध सेमीफायनल. पॅट्रिक बॅटिस्टन एकटाच गोलकडे धावत होता. जर्मन गोलकीपर हाराल्ड शुमाकर (फॉर्म्युला वनवाला नव्हे!) उडी मारून थेट त्याच्या अंगावर आदळला. बॅटिस्टन बेशुद्ध. दात पडले, मणक्याला इजा झाली. आणि रेफरीने काय दिलं? गोल किक! साधा फाउलसुद्धा नाही. वर त्याच शुमाकरने शूटआउटमध्ये दोन पेनल्टी अडवून जर्मनीला फायनलमध्ये नेलं.

झालं, फ्रान्स पेटलं. एका वर्तमानपत्राच्या पाहणीत शुमाकरने तिरस्काराच्या बाबतीत हिटलरलाही मागे टाकलं म्हणे. म्हणजे गोलकीपरच्या एका धडकेवरून गाडी महायुद्धापर्यंत पोचली. खिहोनमुळे टीमचं नाव आधीच खराब झालेलं होतं, त्यामुळे 'जर्मन असेच' म्हणायला पुरावा तयारच होता.

पण खिहोनमधलीच एक गोष्ट या वाक्यात बसत नाही. त्या दिवशी स्टेडियममध्ये एका जर्मन पाठीराख्याने स्वतःच्याच देशाचा झेंडा जाळला. जर्मन टीव्हीचा कॉमेंटेटरही इतका वैतागला की तो काही काळ बोलेचना. मग नक्की कुठले जर्मन 'असेच'?

मला वाटतं, जिथे नियम न्याय देत नाही, तिथे लोक स्वभावावर खटला भरतात. सेव्हियात रेड कार्ड निघालं असतं, तर राग तिथेच बराचसा निवला असता. खिहोनच्या बाबतीत फिफाने निदान मूळ रोगावर औषध दिलं: १९८६ पासून प्रत्येक गटातल्या शेवटच्या दोन मॅचेस एकाच वेळी सुरू होतात. कुणाचा स्वभाव सुधारला नाही, फक्त सिस्टीममधली फट बुजली. अर्थात अल्जीरियाला त्याचा काही उपयोग नव्हता. ते केव्हाच घरी पोचले होते.