आल्फा आणि लॅम्डा

दोन गोष्टी भिन्न आहेत असें धरून शोधास निघावें आणि अखेरीस त्या एकच असल्याचें आढळावें, असे प्रसंग शास्त्रांच्या इतिहासांत विरळा नाहींत. संगणकाच्या आज्ञाभाषांच्या इतिहासांतील असा एक प्रसंग आज सांगावयाचा आहे.

१९५८ सालीं जॉन मॅकार्थी यांनीं 'लिस्प' ही भाषा योजण्यास प्रारंभ केला. तिच्यांत एक फंक्शन दुसऱ्याच्या स्वाधीन करतां येई. परंतु परक्या ठिकाणीं चालूं लागतांच तें आपल्या मजकुरांतील नांवांचे अर्थ तेथलेच घेई. माहेरची शिदोरी त्याजपाशीं नसे. १९६४ सालीं पीटर लँडिन यांनीं फंक्शन आणि ही शिदोरी यांच्या एकत्र गांठोड्यास 'क्लोजर' असें नांव दिलें.

पुढें १९७३ सालीं कार्ल ह्यूइट प्रभृतींनीं 'ॲक्टर' कल्पना मांडली: स्वतःची स्थिति बाळगणारी व निरोप येतांच कार्य करणारी वस्तु. ती नीट उमगावी म्हणून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत जेराल्ड सस्मन व गाय स्टील यांनीं एक चिमुकली भाषा रचिली. फंक्शनसाठीं 'लॅम्डा' आणि ॲक्टरसाठीं 'आल्फा' असे दोन शब्द त्यांनीं ठेविले. भाषा चालूं लागली. मग दोहोंना कार्यान्वित करणारा मजकूर त्यांनीं शेजारीं ठेवून पाहिला, तों तो तंतोतंत एकच! फंक्शन उत्तर परत देतें, ॲक्टर निरोप पुढें धाडतो, एवढाच काय तो भेद. १९७५ च्या 'स्कीम' भाषेच्या छापील वृत्तांतांत 'लॅम्डा' तेवढा उरला.

याचा अर्थ काय? क्लोजरला शिदोरींतील किंमत बदलतां आली, कीं तेंच वस्तु बनतें. एक सोपी परीक्षा पाहा. दर हांकेस आपल्याजवळील अंक एकानें वाढवून सांगणारें क्लोजर घ्या, व एकाच मजकुरांतून तशीं दोन घडवा. पहिल्यास तीनदां हांक मारा, मग दुसऱ्यास एकदां. शेवटचीं उत्तरें ३ आणि १ आलीं, तर प्रत्येकाची शिदोरी स्वतंत्र आहे. दुसऱ्यानें ४ म्हटलें, तर दोघेहि एकाच ताटांत जेवीत आहेत असें समजावें.

सस्मन व स्टील यांचा पक्ष कोणताहि नव्हता. समजून घ्यावें एवढीच इच्छा होती. म्हणूनच स्वतः योजिलेला एक शब्द खोडतांना त्यांस संकोच वाटला नाहीं.