गांजा सोडताना समदुःखींची साथ

गांजाचे व्यसन लागत नाही, हा समज तरुणांमध्ये खोलवर रुजलेला आहे. प्रत्यक्षात नियमित सेवन करणाऱ्याने तो अचानक बंद केला, की एक-दोन दिवसांतच चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश, भूक मंदावणे, विचित्र स्वप्ने असा त्रास सुरू होतो. पहिल्या आठवड्यात त्याचा जोर अधिक असतो. पुढील दोन-तीन आठवड्यांत तो बहुधा ओसरतो. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, देशातील सुमारे ७२ लाख लोकांना भांग, गांजा वा चरस यांच्या सेवनामुळे उद्भवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज होती.

या व्यसनावर खास मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. त्यामुळे समुपदेशनाच्या जोडीला स्वमदत गटांचे महत्त्व वाढते. अमेरिकेत १९३५ मध्ये मद्यपींसाठी सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ची बारा पायऱ्यांची पद्धत १९५३ मध्ये ‘नार्कोटिक्स अॅनॉनिमस’ने सर्व अमली पदार्थांसाठी स्वीकारली. केवळ गांजा-चरस सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात ‘मारिजुआना अॅनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. भारतात ‘नार्कोटिक्स अॅनॉनिमस’च्या सभा अनेक शहरांत भरतात.

सभेचे स्वरूप कसे असते?

या सभांना शुल्क नसते आणि आडनाव सांगावे लागत नाही. व्यसन सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट असते. प्रत्येक जण स्वतःचा अनुभव सांगतो. इतर मध्येच बोलत नाहीत, उपदेशही करत नाहीत. नवागताला ‘स्पॉन्सर’ म्हणून एखादा जुना सदस्य निवडता येतो. ओढ अनावर झाल्यास त्याला फोन करायचा, असा प्रघात आहे.

‘दारूपेक्षा हे बरे’, ‘मनात येईल तेव्हा सोडेन’ या सबबी घरच्यांना निरुत्तर करतात. पण त्याच सबबी वर्षानुवर्षे सांगितलेल्यांपुढे त्या टिकत नाहीत. झोप उडालेल्या रात्री पुन्हा चिलमीकडे वळू पाहणाऱ्याला ‘हेही दिवस सरतात’ हा दिलासा ते दिवस काढलेल्या माणसाकडून मिळतो, तेव्हा तो अधिक पटतो. जुन्या कंपूपासून तुटल्यावर येणारे एकटेपणही गटामुळे कमी होते. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी स्थापन केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रानेही व्यसनातून बाहेर पडलेल्यांना या कामात सहभागी करून घेतले.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात

गट हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नव्हे. भास, टोकाचा संशय, तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार दिसल्यास विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. बारा पायऱ्यांमधील ईश्वरी शक्तीचा उल्लेख काहींना रुचत नाही. त्यांना समुपदेशकाच्या मार्गदर्शनाखालील गट सोयीचा ठरतो. पुन्हा सेवन घडले तरी गटाची दारे बंद होत नाहीत. अशा वेळी लाजेपोटी सभा टाळणे अधिक धोक्याचे असते. मार्गदर्शनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय मोफत मदतवाहिनी उपलब्ध आहे.